चौथी खुर्ची

नऊ खुर्च्या मांडून झाल्या तरी बॉयलरकाकांचं समाधान होईना. दाराजवळची एक उचलून त्यांनी खिडकीशी ठेवली, परत जागेवर आणली आणि बोटांवर पुन्हा मोजलं. बाईंची पहिली. दोघी जावांची दुसरी-तिसरी. आपली चौथी, आणि शेजारी कंपाउंडरची पाचवी. बाकीचे चौघे कुठेही बसोत, पण पाचवीच्या पुढे. चौथी खुर्ची चौथीच राहायला हवी होती, कारण काकांना आज फक्त तीन वचनं येत होती: चौथं, तेरावं आणि बाविसावं.

मंडळीचा रिवाज जुना होता. दर बुधवारी संध्याकाळी सहा वाजता कोणाच्या तरी घरी बायबल अभ्यास, आणि चर्चेआधी ठरलेला अध्याय सगळ्यांनी मिळून वाचायचा, बसल्या क्रमाने, एकाने एक वचन. सुरुवात बाईंची. बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण ते शाळेला कळलं होतं, बाईंना अजून कळायचं होतं. कोणी शब्द गाळला की चष्म्यावरून नुसतं बघायच्या. काकू गेल्यापासून चार महिने काका अभ्यासाला फिरकले नव्हते, म्हणून या बुधवारी मंडळींनी मुद्दाम त्यांचंच घर धरलं होतं, त्यांना धीर द्यायला. धीर द्यायला येणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, हीच पंचाईत होती.

काकांना वाचता येत नव्हतं. आकडे येत होते. हॉस्पिटलच्या बॉयलरवर चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला काट्याखालचे आकडे यावेच लागतात. पुस्तकात ठिकठिकाणी काकूंनी रंगीत दोरे घातलेले होते, त्यामुळे दोरा बघून पान आणि आकडा बघून वचन त्यांना अचूक सापडायचं. त्यापुढची अक्षरं मात्र त्यांच्यासाठी मुंग्यांची रांग होती. हे जगात एका माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस आता नव्हतं.

दर मंगळवारी काकू हातातलं शिवण बाजूला ठेवून त्यांना अध्याय वाचून दाखवायच्या. थोडं थोडं, तीनतीनदा. आपल्या वाट्याला कुठलं वचन येईल याचा नेम नाही म्हणून काका अख्खा अध्याय पाठ करायचे. गंमत अशी की त्यामुळे वाचता येणाऱ्या आठ जणांपेक्षा न येणाऱ्या एकालाच शास्त्र जास्त पाठ झालं. आजाऱ्याच्या उशाशी काका पुस्तक न उघडता धडाधड बोलत, आणि लोक म्हणत, ह्याला म्हणतात व्यासंग. झाकली मूठ एकतीस वर्षं झाकलेली राहिली.

या खेपेला मात्र मदतीला फोन होता. परगावच्या मुलीला त्यांनी सांगितलं, डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, तर तिने फोनवर वाचून दाखवणारं बायबल घालून दिलं. एक पुरुष खणखणीत आवाजात वाचत होता, पण थांबत नव्हता. त्याला काय माहीत ऐकणाऱ्याचं वय सत्तर आहे. आठ दिवस सकाळ-सकाळ ऐकून तीन वचनं काय ती डोक्यात राहिली. हा अध्याय नऊ वर्षांपूर्वी काकूंकडून पाठ केलेला होता. तेव्हाचे शब्द काहीसे वेगळे होते असं त्यांना वाटत होतं, पण पुस्तक एक तर शब्दही एकच असणार. आपलीच आठवण झिजली असेल, असं समजून त्यांनी फोनवरच्या माणसावर भरवसा ठेवला.

सहाच्या ठोक्याला मंडळी आली. जावा दुसऱ्या-तिसऱ्या खुर्चीवर बसल्या. काका मनात प्रार्थना करत होते की नऊ झाले ते बास, आता दहावा नको. मंडळी वाढू नये अशी प्रार्थना देवाच्या कानावर बहुधा पहिल्यांदाच गेली असावी. पहिलं गीत संपतंय तोच दार वाजलं. कंपाउंडरच्या दवाखान्यातली नवी नर्स होती. या गावात ओळखपाळख नाही म्हणून त्यानेच बोलावलं होतं.

नर्स सरळ जावांच्या शेजारी निघाली. काका ताडकन उठले, स्वयंपाकघरातून काकूंचं स्टूल आणलं आणि पार टोकाला, नवव्या खुर्चीच्या पलीकडे मांडलं. तिकडे वारा चांगला येतो, असं म्हणाले. तिकडे कपाट होतं. नर्स मुकाट्याने कपाटाला टेकून बसली. चौथं बचावलं होतं, पण दहा माणसं म्हटल्यावर दुसऱ्या फेरीला तेरावं नव्हे, चौदावं येणार. चौदाव्याच्या वेळी चहाच्या निमित्ताने उठून आत जायचं, असं त्यांनी ठरवलं. बुधवारही गेला तर त्यांच्याजवळ राहणार काय होतं? काकू गेल्या, नोकरी कधीच गेली, मुलगी लांब. ही नऊ माणसं आपल्याला खोटारडा म्हणतील, ही एकच भीती होती.

बाईंनी पहिलं वाचलं. जावांनी दुसरं-तिसरं वाचलं. गोष्ट त्या लुळ्या माणसाची होती, ज्याला चार मित्र उचलून येशूकडे आणतात. काकांनी पुस्तक धरलं, चारच्या आकड्यावर नजर लावली आणि घोगऱ्या आवाजात सुरू केलं. गर्दीमुळे आत जाता येईना, तेव्हा त्या चौघांनी छप्पर कसं काढलं आणि मित्राला खाटेसकट खाली कसं सोडलं, ते त्यांनी न अडखळता सांगितलं. जिवात जीव आला. त्यांनी वर पाहिलं तर सगळे आपापल्या पुस्तकात बघत होते, आणि थोरली जाऊ पान उलटून मागचं पान तपासत होती.

"काका, परत वाचा बरं," बाई म्हणाल्या. "माझी ओळ चुकली बहुतेक."

काकांनी परत तेच म्हटलं, शब्दाला शब्द तसंच. पुस्तकात खाट नव्हती, बाज होती. वाक्यही कुठल्या कुठे सुरू होत होतं. कंपाउंडर काकांच्या पुस्तकात डोकावला आणि त्याच्या ध्यानात आलं, तसं घाईघाईने म्हणाला की हल्ली सोप्या भाषेतलं नवीन भाषांतर निघालंय, काकांकडे ते असेल.

"हे वहिनींचं पुस्तक आहे," बाई म्हणाल्या. "मीच दिलंय त्यांना. आपल्या सगळ्यांचं तेच आहे."

कंपाउंडरने दोर टाकला होता. काकांनी नुसतं म्हटलं असतं की घरी नवं वाचतो, तेच तोंडात बसलंय, तरी निभावलं असतं. लबाडी तयार होती, ओठापर्यंत आली होती. पण समोरच्या पानात काकूंचा निळा दोरा होता. त्यांनी पुस्तक मिटलं.

"मला वाचता येत नाही, बाई. कधीच येत नव्हतं."

धाकटी जाऊ काहीतरी बोलायला गेली, थोरलीने तिचा हात दाबला. काकूच वाचून दाखवायच्या आणि आपण पाठ करायचो, हे काकांनी थोडक्यात सांगितलं. बाई थक्क होऊन म्हणाल्या, मग इतकी वर्षं सांगितलं का नाही, कोणी काय खाल्लं असतं का तुम्हाला?

"तो माळी आठवतो का? मी पहिल्यांदा आलो, त्याच दिवशी तोही आला होता."

बाईंना माळी आठवेना.

"त्याला एकेक अक्षर लावून वाचावं लागत होतं. तुम्ही म्हणालात, पुढच्या वेळी घरून सराव करून या. तो परत आला नाही." काका थांबले. "मी सराव करून आलो."

बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसला, पुसून झाला तरी पुसतच राहिल्या. माळी आता आठवला की अजूनही नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. आता उठून जातील, असं काकांना वाटलं. निदान काहीतरी बोलतील.

"पाचवं कोणाचं?" बाईंनी विचारलं.

कंपाउंडरने पाचवं वाचलं. त्या चौघांचा विश्वास पाहून येशू लुळ्या माणसाला म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. वाचन पुढे सरकलं. स्टुलावरून नर्सने दहावं वाचलं, फेरी पुन्हा बाईंकडे आली. बारावं. तेरावं, जे काकांना येत होतं, ते थोरलीने वाचलं. चहाच्या निमित्ताने उठायचं काकांना सुचलं नाही. तेरावं संपलं, आता काकांची पाळी होती.

"पुढच्याला द्या," काका म्हणाले.

बाई उठल्या. त्यांचा गुडघा दुखरा होता, वेळ लागला. कंपाउंडर उठून उभा राहिला आणि त्या पाचव्या खुर्चीवर बसल्या. काकांनी पान आधीच उघडलेलं होतं. चौदाचा आकडा सापडायला त्यांना कोणाची गरज नव्हती.

"वहिनी कशा वाचायच्या?"

"थोडं थोडं. तीनदा."

बाईंनी थोडं थोडं वाचलं. वर्गातला आवाज नव्हता तो, शेजारच्यापुरता होता. जकातीच्या नाक्यावर बसलेल्या एका माणसाला येशू माझ्यामागे ये म्हणतो आणि तो उठून जातो, एवढंच ते वचन. बाई एक तुकडा वाचायच्या, काका मागून म्हणायचे. सवयीने बाईंचं बोट अक्षरांखालून सरकत होतं. काकू कधी बोट ठेवायच्या नाहीत. त्या तुकडा वाचून काकांच्या तोंडाकडे बघायच्या, शिरलं की नाही ते. दुसऱ्या वेळी काकांचा आवाज फुटला. सगळे थांबले, कोणी घाई केली नाही.

तिसऱ्या वेळी बाईंनी बोट उचललं. काकांनी मान वर केली आणि सगळं वचन एकट्याने म्हटलं, पुस्तकातल्यासारखं, एकही शब्द न गाळता. बरोबर, असं म्हणायला बाईंचे ओठ हलले, पण त्या बोलल्या नाहीत.

पंधरावं कंपाउंडरचं होतं. त्याने ते उभ्या उभ्या वाचलं. बाई आपल्या खुर्चीवर परत गेल्या नाहीत.