परकं दार

हिशेब विभागातल्या पाच-सहा संगणकांनी भलतंच दार धरलंय, हे नेटवर्कवाल्याच्या सकाळीच लक्षात आलं. ऑफिसातल्या प्रत्येक संगणकाला बाहेर जायचा पत्ता, म्हणजे गेटवे, तो आपल्या खोलीत बसून नेमून द्यायचा. हा पत्ता त्याचा नव्हता. म्हणजे हिशेबाची सगळी माहिती कुणाच्या तरी हातून जात होती.

त्याच विभागातल्या बाकीच्या काही संगणकांवर कुणीतरी हाताने पत्ता बदललेला दिसला; तो कुणी बदलला, हे त्याने उघडून पाहिलं. लॉगिन त्याच्या मेहुण्याचं होतं.

बायकोचा हा धाकटा भाऊ. नेटवर्कवाल्यानेच साहेबांकडे शब्द टाकून त्याला आपल्या हाताखाली घेतलेलं. आता एकेक गोष्ट डोक्यात चावायला लागली. हल्ली हा जेवायच्या सुट्टीत गायब का असतो? फोन आला की जिन्यात का जातो?

दुपारी त्याने पाळत ठेवली. डबा अर्धवट झाकून मेहुणा उठला, हिशेब विभागात शिरला आणि रिकाम्या खुर्चीवर बसून भराभर टाइप करू लागला. नेटवर्कवाल्याने दार लोटताच तो दचकला.

"काय चाललंय?"

"काही नाही भावोजी, सहज."

'सहज' हा शब्द नेटवर्कवाल्याला फार झोंबला. पुढे एक अक्षर न विचारता तो खोलीत आला, मेहुण्याचं लॉगिन बंद केलं आणि थेट साहेबांकडे गेला. "घरचा माणूस आहे, पण लपवणार नाही," असं म्हणताना आपल्या प्रामाणिकपणाचं त्याला जरा कौतुकही वाटलं.

साहेबांनी दोघांना घेऊन हिशेब विभाग गाठला. वायरीमागून वायर तपासत नेटवर्कवाला मुख्य हिशेबनिसाच्या टेबलाखाली वाकला. कुंडीच्या आड एक घरगुती राऊटर लुकलुकत होता.

"तो माझा," हिशेबनीस कान खाजवत म्हणाले. "या कोपऱ्यात मोबाईलला रेंजच येत नाही हो. घरून आणला, दिसेल त्या भोकात वायर खुपसली. का, बिघडलं काही?"

बिघडलं होतं. तो राऊटर शेजारच्या संगणकांना परस्पर आपलाच पत्ता वाटत सुटला होता.

नेटवर्कवाल्याने मेहुण्याने केलेले बदल पुन्हा उघडले. सकाळी त्याने नुसतं नाव पाहिलं होतं, आकडे पाहिलेच नव्हते. प्रत्येक ठिकाणी पत्ता बरोबर होता. मेहुणा एकेक संगणक हाताने ताळ्यावर आणत होता.

"मला सांगायला काय झालं होतं?" त्याने मेहुण्याला जिन्यात गाठून विचारलं.

"मागच्या बिघाडावरून साहेबांनी सगळ्यांदेखत तुम्हाला झापलं होतं. म्हटलं, कारण सापडेपर्यंत तुमच्या कानावर नको. जिन्यात यायचो ते लोकांच्या तक्रारी ऐकायला. तुमच्यासमोर कशा ऐकणार?"

"चुकलो रे. लॉगिन चालू करतो, आत्ता."

"नको." मेहुणा शांतपणे म्हणाला. "साहेबांशी बोललोय मी. दुसऱ्या शाखेत जागा आहे म्हणाले."

"एवढ्यावरून?"

"अजून एकदा विचारलं असतंत तर सगळं सांगितलं असतं, भावोजी. तुम्ही थेट साहेबांना सांगितलंत."

तो जिना उतरून गेला. नेटवर्कवाला कठड्याला धरून उभा राहिला. खिशात फोन वाजत होता. बायकोचा होता. भावाने तिला काय सांगितलं असेल, हे कळेना, आणि त्याने फोन तसाच वाजू दिला.