जेवणानंतरची पेरणी

माझ्या भावाला काही विकायचं असेल तर ती वस्तू दाखवू नका, बरगड्या भाजून वाढा. एल्दो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, पण आसादोचा, विस्तवावर मांस भाजल्याचा, धूर दिसला की त्याची अक्कल चरायला जाते.

आमच्याकडे एक पेरणीयंत्र आहे, रुंद ओळींचं, मक्याचं आणि सोयाबीनचं. गव्हाला ओळी दाट लागतात. म्हणून दरवर्षी भाड्याच्या यंत्रवाल्याच्या हातापाया पडायचं आणि तो येईल तेव्हा, म्हणजे ओल उडून गेल्यावर, पेरायचं. दोन वर्षं खालच्या रानातला गहू विरळ उगवला. तेव्हा एल्दो मला म्हणाला, "अगं नेली, यंदा गव्हासाठी स्वतःचं दुसरं यंत्र घेऊ. पण त्यानंही नाही उगवला, तर खालच्या रानात माती उलथणारा तव्यांचा कुळव घालणार. मग रडायचं नाही."

खालच्या रानाला वीस वर्षं नांगर माहीत नाही. मक्याची काड तिथेच पडते, तिथेच कुजते, आणि खाली माती अशी झालीय की मूठभर उचलली तर गांडुळं वळवळतात. कुळव एकदा फिरला की वीस वर्षं पाण्यात. यंत्र कुठलं येतंय यावर माझा जीव टांगलेला होता तो यासाठी.

फाब्रिसिओ नावाच्या विक्रेत्याला मी फोनवर बजावलं होतं, "सकाळी या. दव असताना ओली काड कापून, दाणा मातीत टाकून दाखवा. वाळलेली काय, माझी भाजीची सुरीसुद्धा कापते."

"हो हो, सेन्योरा, सकाळीच!"

महाराज उगवले जेवायच्या वेळेला. मागे नवंकोरं लाल यंत्र, पुढच्या सीटवर बरगड्यांची अख्खी फळी आणि वाइन. एल्दोने लगेच विस्तव केला.

"आधी पेरून बघू," मी म्हणाले.

"अगं, पाहुणा माणूस! उपाशीपोटी काय राबवतेस त्याला?"

"पाहुणा कसला? विकायला आलाय तो!"

माझं कोण ऐकतंय! बसले कांदे चिरत, आतल्या आत धुमसत. खाऊन, पिऊन, ढेकर देऊन सगळे रानात पोचले तोवर ऊन चढून काड पापडासारखी मोडत होती. यंत्र सरसर चाललं. चर स्वच्छ, दाणा थेट मातीत. एल्दो नाचायचा तेवढा बाकी राहिला.

"बघ! बोल आता!"

"सकाळी बोलेन."

"तुला ना, देव जरी पेरायला आला तरी खोट दिसेल."

मी गुडघ्यावर बसून दाणे उकरत होते, तेवढ्यात ह्याने त्या माणसाच्या हातात हात दिलासुद्धा. आमच्या भागात हात दिला की व्यवहार झाला. कागद मागाहून, सवडीने. यंत्र आमच्याच ट्रॅक्टरला जोडून ठेवून फाब्रिसिओ शीळ घालत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी ट्रॅक्टर काढला. रान दवाने भिजलं होतं, काड वादीसारखी चिवट. थोडंसंच पेरलं आणि खाली उतरून सुरीने चर उघडला. व्हायचं तेच झालं होतं. यंत्राच्या पुढच्या चकतीने काड कापलीच नव्हती, नुसती दुमडून चरात कोंबली होती. दाणे त्या काडीवर बसलेले, मातीला शिवलेलेसुद्धा नाहीत. असे दाणे उगवत नसतात, वाळतात.

एल्दो सपाता घालून धावत आला. मी दाणे त्याच्या तळहातावर ठेवले. त्याने पुढचा चर उकरला, त्याच्या पुढचा उकरला. चेहरा उतरला त्याचा.

"मग दुपारी पेरू," तो म्हणाला.

"आपल्याकडे जून म्हणजे ऐन हिवाळा, दुपार असते केवढी? जेवण झालं की अंधार! एवढं रान काय नाताळपर्यंत पेरणार?"

तो हळूच म्हणाला, "एकदा कुळव फिरवू. काड गाडली की चालेल यंत्र."

माझं डोकंच फिरलं. "एल्दो, यंत्र रानासाठी घेतोयस की रान यंत्रासाठी?"

"मी हात दिलाय, नेली."

"मी नाही दिला! अर्धी जमीन माझ्या नावावर आहे!"

मी ते यंत्र ओढत नेलं, फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला सोडलं आणि फाब्रिसिओला फोन केला, "घेऊन जा. माझा हात तुम्ही मागितला नव्हता." तो आधी हसला, मग चिडला, पण संध्याकाळी घेऊन गेला. एल्दो खिडकीतून बघत होता.

"आता तूच जा सोसायटीत," तो म्हणाला. "सांग सगळ्यांना, एल्दोचा शब्द गेला म्हणून. मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

"जाते की! घाबरते का काय?"

आणि गेले. आमच्या भागात नांगर पहिल्यांदा सोडला तो म्हातारा आदेमार सोसायटीत येर्बाचा कडू चहा पीत बसला होता. लोक त्याला वेडा म्हणायचे तेव्हा आम्ही दोघं भावंडं त्याच्या बांधावर जाऊन नांगराविना पेरायला शिकलो. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सुरू केलं, "माझ्या भावाने शब्द मोडला नाही, मी मोडायला लावला! ते लाल यंत्र ओल्या काडीत चालतच नाही. दुपारी, पोट भरल्यावर दाखवतात, आणि हे शहाणे भुलतात!"

कुणी हसलं नाही. आदेमारने पेला खाली ठेवला.

"ओल्या काडीत चालत नाही?"

"नाही, काका. चरात कोंबतं."

"मीही तेच घेतलंय. मला वाटलं माझ्याच रानात काड जास्त झाली," तो म्हणाला. "परवा कुळव फिरवला मी. सगळीकडे."

मी म्हणाले, "काका, यंत्र परत का नाही केलंत?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"हात दिला होता ना, पोरी."