बेंबी नसलेली गोटी

माझ्या बदल्यात ऑगस्टीनला पंचवीस रुपये मिळायचे होते. पंचवीस रुपयांत त्याचं नवं जाळं येत होतं, शिवाय वरचे चार आणे त्याने मनातल्या मनात खर्चूनही टाकले होते. मित्रांनो, हिशेब चोख होता. त्यात फक्त माझी बेंबी धरायची राहिली.

मी एक जुनी काचेची गोटी आहे. दूर जर्मनीत एका म्हाताऱ्या कारागिराने तापलेल्या काचेच्या कांडीत निळे-पांढरे धागे पिळले आणि कात्रीने मला कापून वेगळं केलं. जिथे कापलं तिथे खरखरीत ठिपका राहिला. तीच माझी बेंबी. हाताने घडलेल्या गोटीला ती असतेच. यंत्रातून पडलेली गोटी सगळीकडून गुळगुळीत.

भाईंदरजवळच्या डोंगरी गावचा मॅन्युएल बोटीवर खलाशी होता. परदेशी बंदरावरच्या जुन्या बाजारातून त्याने मला उचललं आणि बायकोच्या, सेलीनच्या, हातावर ठेवलं. बोलताना त्याचा अंगठा सारखा माझ्या बेंबीवर फिरायचा. पुढे बोटीवरची नोकरी सोडून तो मासेमारीला लागला आणि एकोणीसशे छत्तीस साली होडीसकट बुडाला. होडीची एक फळी किनाऱ्याला लागली, मॅन्युएल नाही लागला.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला सगळं गाव आपापल्या मेलेल्यांच्या कबरीवर मेणबत्ती लावतं. सेलीनला कबरच नव्हती. ती दफनभूमीतल्या मोठ्या क्रुसाच्या पायथ्याशी मला ठेवायची आणि माझ्याशेजारी मेणबत्ती लावायची. मॅन्युएलची कबर म्हणजे मी. एरवी मी तिच्या घरातल्या क्रुसाखाली असे. चुलीच्या धुराने तिचे डोळे मंदावले होते. प्रार्थना करताना अंगठ्यानेच ती मला ओळखायची. त्या वेळी माझ्यावर एक नाही, दोन अंगठे फिरत, असं मला वाटे. दुसरा ओला असायचा.

एक्केचाळीस साली लढाईमुळे जर्मन माल येईनासा झाला. भाईंदरचे मिठागरवाले परशुरामशेट जुन्या गोट्या जमवत. अस्सल गोटीचे ते पंचवीस देतात, हे मॅन्युएलच्या धाकट्या भावाच्या, ऑगस्टीनच्या, कानावर गेलं.

"वैनी, ती गोटी देतेस काय? जालं येल," त्याने विचारून पाहिलं.

"तुजा भाऊस इकू?" सेलीन म्हणाली. "वजनावर इकू का नगावर?"

ऑगस्टीन हसला आणि कामाला लागला. भाईंदरच्या बाजारातून त्याने निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची यंत्रातली गोटी आणली. वहिनीचा अंगठा बेंबी शोधणार, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून कोयत्याला धार लावायच्या दगडावर तिला एका जागी घासून त्याने बेंबी पाडली आणि तिला माझ्या जागी ठेवलं.

इथे थांबला असता तर जाळं आलं असतं. पण मासळी बाजारात नेताना चकचकीत धुवायची, हा त्याचा जन्माचा धंदा. डागी मालाला गिऱ्हाईक भाव पाडतं! त्याने त्याच दगडावर माझी बेंबी घासून काढली आणि वर राखेने चोळून मला लखलखीत केलं. मित्रांनो, काचेला ओरडता येत नाही.

परशुरामशेटांनी मला हातात फिरवलं, नख सगळीकडून ओढलं.

"ऑगस्टीन, हिची बेंबी कुठाय?"

"शेट, डाग हुता. मीच काढला, साफ केला."

"वा! उद्या गाढव आणशील आणि म्हणशील, गाईला शिंगं होती, ती मीच काढली. साच्यातली आहे ही. दोन आणे घे. लोकांना खोटी गोटी दाखवायला मला एक नमुना हवाच होता."

ऑगस्टीनने दोन आणे घेतले. मला परत नेऊन काय करणार? बेंबीशिवाय सेलीनने मला घरात घेतलं नसतं. 'खोटी' अशी चिठ्ठी लावून शेटांनी मला डबीत टाकलं.

वर्षभराने सेलीन सुकी मासळी घेऊन भाईंदरला आली. शेटांच्या बायकोने, इंदुबाईंनी, तिला ओसरीवर बसवलं. शेट गोट्या पुसत होते. त्यांनी कौतुकाने मला तिच्या हातावर ठेवलं.

"बघ सेलीन, खोटी कशी असते ती."

ओळखीचा अंगठा! तो माझ्यावरून एकदा फिरला. पुन्हा फिरला. बेंबी होती त्या गुळगुळीत जागेवर क्षणभर थांबलाही. सेलीनने मान हलवली.

"खरा बोलता शेट. हिच्या आत कोन न्हाय. माजे घरा हाय ती खरी."

तिने मला डबीत ठेवलं आणि पदराला हात पुसला.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर तिचा खरखरीतपणा लगेच घासू नका. आधी विचारा, इथे कुणाचा अंगठा फिरत होता.

दर नोव्हेंबरला त्या क्रुसापाशी मेणबत्ती लागते, यंत्रातल्या गोटीशेजारी. ऑगस्टीन वाऱ्याला आडवा हात धरून उभा राहतो, म्हणे. गोटीकडे बघत मात्र नाही. इथे डबीत मी कोरडी आहे. तो ओला अंगठाही आता येत नाही. त्याला माझी जागा सापडत नसावी.

तेव्हा हिशेब असा. ऑगस्टीनला दोन आणे मिळाले. परशुरामशेटांना दोन आण्यांत पंचवीस रुपयांचा माल मिळाला आणि त्यांना अजून पत्ता नाही. सेलीनकडे मेणबत्ती आहे, अंगठ्याखाली बेंबीही आहे. भरलं ते मॅन्युएलने. त्याची होती नव्हती ती कबर गेली.