वीतभर मागं

धुळाप्पा सुतारानं शेवटचा गंजका बोल्ट पिळून काढला आणि ड्रायव्हरची सीट उचलून बाजूला ठेवली. सीट गेल्यावर जुन्या बसचं तोंड पुढचे दात पडल्यासारखं दिसू लागलं.

"वीतभर मागं घे," चाँदपाशा ड्रायव्हर म्हणाला.

"मागं?" दारात उभा असलेला बब्रुवान ओरडला. "चाँदभाई, मागं जनरेटर बसवायचाय, पडदा ठेवायचाय. पुढं सरका म्हणलं तर तुमी मागं निघाला. उद्या म्हणाल, टपावर बसून चालवतो."

"टपावर हवा तरी लागंल, मालक."

धुळाप्पा हसला. बब्रुवानही हसला, पण ते हसू मिशीपाशीच थांबलं. आज सांगायचंच असं ठरवून तो घरातून निघाला होता. तसा तो गेला पंधरवडाभर रोजच ठरवून निघत होता.

सांगायचं एवढंच होतं, की फिरता सिनेमा घेऊन ही गाडी येरमाळ्याच्या जत्रेला निघेल, तेव्हा स्टेअरिंगवर लिंबाजी असेल. लिंबाजी म्हणजे जावई, पोरगी गिरिजाचा नवरा. पोरीच्या संसाराला आधार पाहिजे, हे मथुराबाईनं नवऱ्याला जेवताना, झोपताना आणि एकदा तर पूजेच्या मधेच ऐकवलं होतं.

बब्रुवान व्यवहाराचा माणूस. कुणाचं काम केलं की तो किती दिवस वाकून नमस्कार करील, याचा त्याचा अंदाज सहसा चुकत नसे. चाँदपाशाच्या बाबतीत मात्र तो अंदाज बांधायलाच धजत नव्हता. तुळजापूरच्या रस्त्यावर सरकारी गाड्या आल्या आणि बब्रुवानची खासगी बस-सर्व्हिस बंद पडली, तेव्हा चाँदपाशाला सरकारी गाडीवर नोकरी चालून आली होती. खाकी कपडे, बांधलेला पगार. बब्रुवान त्याच्या घरी जाऊन बसला. हमिदाबीनं दिलेला चहा बशीत ओतत म्हणाला, "आपण दुसरं काहीतरी काढू. गाडी हाय तवर तुमची जागा हाय." चाँदपाशा थांबला. आज गाडी होती. चाँदपाशाचं वय मात्र सरकारी नोकरीच्या पलीकडं गेलं होतं.

धुळाप्पानं सीट वीतभर मागं नुसती टेकवली आणि क्लच-ब्रेकवरचे लाकडी ठोकळे काढले. चाँदपाशा बुटका, त्या ठोकळ्यांवर पाय ठेवूनच त्यानं ही गाडी इतकी वर्षं हाकली होती. नवे करायचे असतील, असं बब्रुवानला वाटलं. पण सुतार लाकडाला हातच लावीना.

"आन् ठोकळे?"

"नगंत," चाँदपाशा म्हणाला.

"मग पाय कसे पुरतील? या वयात उंची वाढली का काय?"

चाँदपाशानं फडक्याला हात पुसले. एकेक बोट, सावकाश.

"जरा वर येता का मालक? माप बघायचंय."

"माझं कशाला? मला सायकलबी येत न्हाय."

"जावई तुमच्याच उंचीचे हाईत."

धुळाप्पाचा पाना हातातच राहिला. मग तो खाली उतरला आणि बाभळीखाली जाऊन आपल्या पिशवीत उगाच काहीतरी शोधू लागला.

"कुणी सांगितलं?" बब्रुवाननं हळूच विचारलं.

"कुणी न्हाय. बाजाराच्या दिवशी जावई आलते. सहज म्हणून स्टेअरिंगला बसले आन् इचारलं, चाचा, दुसरा गिअर कुठं अडतो? सहज बसलेला माणूस गिअर इचारत न्हाय." चाँदपाशा स्वतःशीच हसला. "पर गुडघे आपटत होते त्यांचे. येडशीच्या घाटात ब्रेक मारायचा म्हणलं, तर पाय अडकंल. गिरिजाबाईबी कधी संगं असत्याल."

"चाँदभाई, मी आज सांगणारच होतो..."

"सांगाल म्हणून तर थांबलो. पर जत्रा जवळ आली. या, बसा."

बब्रुवान चढला. मालक असून या जागेवर तो कधी बसला नव्हता. चाँदपाशा गुडघ्यावर बसला, त्याचा घोटा धरला आणि पाय ब्रेकवर नेऊन ठेवला, पोराला चालायला शिकवावं तसा.

"दाबा. पार खालपर्यंत. आता दुसरा. पोचतो का पाय?"

न्हाय म्हणावं, असं बब्रुवानच्या ओठांवर आलं. पाय पोचत न्हाय, सीट पुढं घ्या, तुमीच बसा. एवढं बोलायला काही लागत नव्हतं. खाली चाँदपाशा मान वर करून थांबला होता. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. पण तो फक्त पायाकडं बघत होता. बब्रुवानच्या डोळ्यांपुढं घरी वाट बघणारी मथुराबाई आली, माहेरी आलेली गिरिजा आली.

"पोचतो," तो म्हणाला.

"गुडघा?"

"मोकळा हाय."

"मग बोल्ट घट्ट करायला सांगू?"

बब्रुवाननं दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं आणि बंद गाडीच्या काचेतून रस्त्याकडं बघत राहिला.

"सांगा."

चाँदपाशा उठला, आपले गुडघे झटकले आणि खिडकीतून बाहेर वाकला.

"ये रे धुळाप्पा. बरोबर बसली."