यादीत नसलेला आवाज

मी वडगाव निंबाळकरच्या दूध डेअरीतला जुना सर्व्हर बोलतोय. सर्व्हर म्हणजे काय, असं विचाराल तर सांगतो. डेअरीतले सगळे कॉम्प्युटर ज्याच्याकडे माहिती मागायला येतात, तो मी. बारा वर्षं याच खोलीत, पशुखाद्याच्या पोत्यांशेजारी उभा आहे.

पुण्याहून मला जीपमधून आणलं, तेव्हा इथल्या ऑपरेटर मंदाकिनीताईंनी हळदकुंकू वाहून नारळ फोडला. माझ्या पोटात काय काय नव्हतं! कुणाची गाय कधी व्याली, कुणाच्या म्हशीला लस कधी टोचली, सगळं. घरच्यांचे वाढदिवस विसरणारी माणसं गाईची तारीख विचारायला मात्र न चुकता यायची.

आणि माझ्याकडे डॉक्टर आनंद होते. डेअरीचे गुरांचे डॉक्टर. शेतकरी फोनवर सल्ला विचारायचे आणि तो प्रत्येक फोन माझ्यात साठायचा. "आधी तिला सावलीत घ्या तात्या, घाबरताय काय, मी आलोच!" असं हसत बोलायचे. तीन वर्षांपूर्वी लासुर्ण्याहून परतताना मोटारसायकलचा अपघात झाला आणि ते गेले. फोन साठवणंही तेव्हाच बंद पडलं.

तेव्हापासून दर सोमवारी त्यांची आई, कुशाबाई, कोऱ्हाळ्याहून एसटीनं यायची. ताई तिच्या कानाला हेडफोन लावून द्यायच्या. म्हातारी डोळे मिटून लेकाचं बोलणं ऐकायची, मध्येच "व्हय रं बाबा" म्हणायची. माझी घरघर तिच्या कानावर जाऊ नये, असं फार वाटायचं मला. "काकू, तुमचा साधा मोबाईल बदलून घ्या, नव्यात घालून देते," असं ताई कितीदा म्हणाल्या. ते राहूनच गेलं.

माझं वय झालं. उन्हाळ्यात तापायचो, वीज गेली की आडवा व्हायचो. एकदा तर पाल शिरून मेली आणि दोन दिवस कामाचा खोळंबा झाला. नव्या मॅनेजरांनी, ऋषिराजांनी, दोन वाटा मांडल्या. एक तर नवा सर्व्हर आणायचा, नाहीतर क्लाउडमध्ये डेअरीपुरतं आभासी डेटा सेंटर भाड्यानं घ्यायचं. म्हणजे माहिती दूरच्या कंपनीच्या यंत्रांवर राहणार. देखभाल, राखण, रोजची जादा प्रत, सगळं तेच बघणार. खोटं कशाला बोलू? ऋषिराजांनी दुसरी वाट धरली, ते बरोबरच होतं. मी तरी किती दिवस रेटणार होतो?

विषय वार्षिक सभेत आला. मांडव माझ्या खिडकीसमोरच होता. आमच्या सभेची एक रीत आहे. अध्यक्षांचं वाचन संपायच्या आत "मंजूर, मंजूर!" असा गजर होतो, कारण मागं जेवणाचा वास सुटलेला असतो. अध्यक्ष संभाजीराव वाचत होते, "यादीत असेल तेवढीच माहिती नव्या जागी जाईल..." झालं! मांडव दणाणला. बाकीची पुसली जाईल, कुणाला काही ठेवायचं असेल तर पंधरा दिवसांत सांगा, हे त्यांनी वाचलं हो, पण ऐकलं कुणी? ताई मागं ताटं मांडत होत्या. आणि पहिल्या रांगेत, सभासद म्हणून बसलेल्या कुशाबाईचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला होता.

ऋषिराज गेल्याच वर्षी आलेले. त्यांच्या यादीत सभासद होते, जनावरं होती, लसी होत्या. डॉक्टरांचे फोन त्यांना ठाऊकच नव्हते. भंगारात द्यायच्या आधी लोकांची माहिती राहू नये, म्हणून पंधरा दिवसांची मुदत संपल्यावर, परवा शनिवारी मला कोपरान् कोपरा पुसलं. मला ओरडता आलं असतं तर!

आज सोमवार. कुशाबाई आली. ताईंनी नव्या पडद्यावर शोधलं, पुन्हा शोधलं, ऋषिराजांना विचारलं आणि मग रडायलाच लागल्या. "काकू, सगळंच तिकडं जाईल असं वाटलं हो मला."

कुशाबाईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नगंस. म्या बी मंजूरच म्हनले की." मग माझ्याजवळ येऊन तिनं माझ्यावर हात ठेवला. "ह्याला इचार की गं. ह्याच्या ध्यानात असंल."

नाही हो आजी. तो काय बोलायचा ते सांगू शकतो, हसायचा तेही आठवतं. आवाज तेवढा गेला. माफ करा मला.

उद्या भंगाराचा टेम्पो येईल. जाता जाता तुम्हाला एवढंच सांगतो, बाबांनो, गेलेल्या माणसाचा आवाज जवळ असेल तर आजच दुसरीकडेही ठेवा. राहून जाऊ देऊ नका.

कोऱ्हाळ्याची एसटी केव्हाच निघून गेली. कुशाबाई हेडफोन कानाला लावून बसली आहे, आणि तो काढून घ्यायची कुणाची छाती होत नाही.