सोमवारचा भरणा

शुक्रवारी सकाळी दहाला बँकेचं दार उघडलं आणि थोरली सरळ वसुलीच्या टेबलापाशी गेली. उभ्याउभ्याच तिनं पर्समधून नोटांची घडी काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाली,

"विद्यार्थी खात्यावरचा ओव्हरड्राफ्ट आहे. आज सहा हजार. बाकीचे हप्त्यांनी."

वसुली अधिकाऱ्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला.

"आधी बसा. या टेबलाकडं कुणी आपण होऊन येत नाही. आम्हाला सवय नाही."

ती बसली. पाठ मात्र खुर्चीला टेकवली नाही. खात्याचा क्रमांक तिनं न अडखळता सांगितला. दीड वर्षात तिनं या खात्याकडं पाहिलं नव्हतं, पण क्रमांक विसरता आला नव्हता.

विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षी प्रबंध लांबला होता. खोलीचं भाडं तीन महिने जास्तीचं पडलं, आणि बँक विद्यार्थ्यांना देते ती उचल तिनं तळापर्यंत वापरली. चाळीस हजार. पदवी हातात पडेपर्यंत त्या उचलीवर व्याज नव्हतं. पदवी पडली आणि व्याज सुरू झालं. पत्रं वसतिगृहाच्या पत्त्यावर जात राहिली. ती तिथून निघाली होती आणि पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढू लागली होती. पगार दुसऱ्या बँकेत जमा होई. बँकेनं शोधून काढायच्या आत आपण जायचं, एवढं तिनं ठरवलं होतं. जायला दीड वर्ष लागलं.

घरी यातलं काही ठाऊक नव्हतं. आईचं शिवणयंत्र दुरुस्तीचं दुकान होतं. नवऱ्यामागं तिनं ते एकटीनं चालवलं आणि त्यावर दोन मुली वाढवल्या. सुईचं पाकीटसुद्धा तिनं कधी उधारीवर आणलं नव्हतं. व्यापारी आपण होऊन म्हणायचे, घेऊन जा, पैसे सावकाश द्या. ती पाकीट परत फळीवर ठेवून यायची. गिऱ्हाइकांना ती थोरलीबद्दल दोनच गोष्टी सांगे. एक, पोरगी विद्यापीठात शिकली पण कुणाचा पैसा अंगावर घेतला नाही. दुसरी, तिच्या नावानं चार पैसे बाजूला पडलेत. कुठं पडलेत, हे ती सांगत नसे. एखादी अंगठी असेल, असं थोरली धरून चालली होती.

"अकरा हजार दोनशे," अधिकारी म्हणाले.

"व्याज?"

"व्याजासकट. एकूण येणं."

"चूक होतेय तुमची."

"बँकेच्या चुका होतात. पण गिऱ्हाइकाच्या फायद्याची मी अजून तरी पाहिली नाही." त्यांनी पडदा तिच्याकडं वळवला. "हे बघा. दर सोमवारी रोख भरणा आहे. कधी तीनशे, कधी सहाशे, कधी दीडशेच. एकही सोमवार सुटलेला नाही. तुमचं शिक्षण संपलं, हे भरणाऱ्यांना कुणी सांगितलं नाही का?"

थोरली पडद्याकडं बघत राहिली. मग तिचा हात टेबलावरच्या नोटांवर गेला आणि तिथंच थांबला.

सोमवारची पहिली दुरुस्ती. शिकत होती तेव्हा सोमवारी दुकान उघडल्यावर जे पहिलं यंत्र दुरुस्त होई त्याचे पैसे आई थेट बँकेत नेऊन भरायची. गल्ल्यात टाकायची नाही. गल्ल्यात पडला की पैसा घरचा होतो, असं तिचं म्हणणं. त्यावर थोरलीचा आठवडा निघायचा. नोकरी लागली त्या दिवशी ती आईला म्हणाली होती, "आता पैसे भरू नकोस हं." आई चिमट्यात स्क्रू धरून बसली होती. "बरं," म्हणाली होती.

"तेलकट हाताच्या बाई ना?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "स्लिपवर अंगठा उठतो त्यांचा. आमची नवी कॅशियर घाबरली होती. म्हणाली, बाईंनी सही पण केलीय आणि अंगठा पण."

"शिल्लक विचारतात?"

"कधीच नाही. विचारली तरी आम्ही सांगणार नाही. खातं तुमचं आहे." त्यांनी आवाज थोडा उतरवला. "हे बघा, जुनं येणं आहे. आज एकरकमी भरत असाल तर सात हजारांत तडजोड करून देतो. सहा तुम्ही आणलेतच."

"तडजोड नको."

"लोक तडजोडीसाठी आमचे पाय धरतात हो."

"धरू देत. मी पूर्ण भरणार."

"बरं. पूर्ण. म्हणजे आजचे सहा वजा जाता पाच हजार दोनशे."

"नाही. तिनं भरलेले सगळे मिळवून."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला.

"अहो, ते भरून झालेत."

"तिनं भरलेत. तिला वाटतंय ते साठताहेत. ती मागेल तेव्हा ते खात्यात दिसले पाहिजेत."

"म्हणजे येणं फिटल्यावरही तुम्ही भरतच राहणार."

"हो."

"त्याला बँकेत कर्ज म्हणत नाहीत. बचत म्हणतात."

"तुम्ही म्हणा," थोरली म्हणाली आणि नोटा त्यांच्याकडं सरकवल्या.

त्यांनी पावती केली. खातं बंद करू नका, म्हणून तिनं दोनदा बजावलं. तिच्यासाठी ते उठून उभे राहिले. का, ते कदाचित त्यांनाही सांगता आलं नसतं. कार्यालयात ती अर्धा तास उशिरा पोचली आणि साहेबांनी विचारायच्या आत म्हणाली, "अर्धा तास संध्याकाळी भरून देते."

सोमवारी दुपारच्या सुट्टीत ती नेहमीसारखी आईच्या दुकानात जेवायला गेली. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं, एवढंसं दुकान. आई स्टुलावर बसून एका यंत्राच्या पोटात बघत होती. शेजारी शिंपीकाका उभे होते, कोपऱ्यावर शिवणकाम करणारे. यंत्र त्यांचंच.

"टाके सोडतंय म्हणून आणलं," ते थोरलीला म्हणाले, "तर तुझी आई म्हणते, दोष यंत्रात नाही, माझ्यात आहे."

"सुई उलटी बसवली तर यंत्र काय करेल?" आई मान वर न करता म्हणाली. "चाळीस वर्षं शिवताय."

"डोळे गेले आता," काका थोरलीकडं वळले. "तुझ्यासारखी मुलगी असती तर तिनं बसवून दिली असती."

"हिनं? हिला सुई ओवता येत नाही. पण शहराचा नळ कुठून कुठं जातो ते विचारा. झोपेत सांगेल." आईनं खालच्या दोऱ्याचं शटल जागेवर बसवलं आणि हातानं चाक फिरवून पाहिलं. आवाज एकसारखा येऊ लागला. "आणि विद्यापीठात राहून आली, पण एका पैशाचं कर्ज नाही केलं पोरीनं. तुमचा पुतण्या बघा."

"त्याचं नका काढू."

"मी कशाला काढू? विचारा हिला."

शिंपीकाकांनी गमतीनं थोरलीकडं पाहिलं. तिनं डब्याचं झाकण उघडलं होतं. ते तिनं परत लावलं.

"होतं, काका," ती म्हणाली. "चाळीस हजार. आता थोडं राहिलंय."

रस्त्यावरून एक ढकलगाडी खडखडत गेली. आईचा हात चाकावर होता. तो एक फेरा थांबला, मग चाक पुन्हा फिरलं. तिनं चिंधीचा तुकडा सुईखाली धरला, एक लांब शिवण मारली, उजेडाला धरून पाहिली आणि चिंधी शिंपीकाकांच्या हातात दिली.

"ऐकलंत?" ती म्हणाली. आवाज मघाचाच होता, गिऱ्हाइकांना थोरलीबद्दल सांगतानाचा. "थोडंच राहिलंय."

शिंपीकाका चिंधी उलटसुलट करून बघू लागले.

"तुमचे साडेतीनशे झाले. रोख."

"नुसत्या सुईचे?"

"सुईचे काही नाही. शटल घासलंय, त्याचे."

त्यांनी पैसे दिले, यंत्र उचललं आणि दारातून तिरके होऊन बाहेर पडले. थोरलीनं डबा पुन्हा उघडला. आईनं साबणानं हात धुतले, पुसले, नखांकडं पाहिलं आणि पुन्हा धुतले. साडेतीनशे रुमालावर तसेच पडले होते. गल्ला हाताशी होता.

"आज सकाळपासून हेच पहिलं," आई म्हणाली. "मी अजून गेले नाही."

"कुठं?"

आईनं नोटा उचलल्या आणि तिच्यापुढं धरल्या.

"यापुढं तू भरत जा. तुझ्या वाटेवर आहे बँक. माझे गुडघे दुखतात."

"आई, त्या खात्यात –"

"तुझं खातं आहे. त्यात काय आहे ते मी कधी विचारलंय?"

"नाही."

"मग जेव आता. गार होतंय."

ती जेवली. आईनं तिच्या डब्यातलं थोडं आपल्या ताटलीत घेतलं आणि पुढच्या यंत्राचं झाकण काढता काढताच खाल्लं. कर्ज कोणत्या बँकेचं, कधीचं, कशासाठी, यातलं तिनं काही विचारलं नाही. गुडघ्यांबद्दल याआधी ती कधी बोलली नव्हती.

थोरली निघाली तेव्हा दोन वाजत आले होते. साडेतीनशे तिनं पर्समध्ये नाही, मुठीत धरले होते. कार्यालय डावीकडं होतं, बँक उजवीकडं. बँक तीनपर्यंत उघडी होती.