चार वाजताची हाक

टॉवर नसलेल्या माळावर मेंढपाळांचे फोन एकमेकांशी जोडायचे, एकाचा निरोप दुसऱ्यानं पुढं द्यायचा, असं आमचं जाळं. मेंढ्यांत रोग आला की लस कुठं मिळते ते प्रत्येक तळावर कळावं, एवढ्यासाठी. निरोप खरंच पोचतो का, हे तपासायला रोज दुपारी चारला माझा प्रोग्राम नव्वदांतला कुठलाही एक फोन निवडायचा. म्हणजे हाक एका फोनवरून त्याच्या ओळखीच्या फोनकडे भटकत जायची आणि बाराव्या उडीला थांबेल तिथं विचारायची, 'आहात का?' समोरच्यानं 'हाय' लिहिलेलं हिरवं बटण दाबलं की झालं.

तपासणीच्या पहिल्या पंधरा दिवसांत सहा वेळा हाक बिरप्पाच्या फोनवर थांबली. सहाही वेळा उत्तर आलं, 'हाय.'

बिरप्पाला जाऊन तीन महिने झाले होते. मोहोळच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीनं उडवलं. मी स्वतः मातीला गेले होते. मी शुक्रवार पेठेतली शिकलेली मुलगी, भुताखेतांना हसणारी. तरी चार वाजत आले की मी स्क्रीनसमोरून उठून जायचे.

सोबत काम करणाऱ्या सोमशेखरनं माझी अक्कल काढली. तळातळावर फिरून हे जाळं बिरप्पानंच सगळ्यांच्या फोनमध्ये घातलं होतं, म्हणून सर्वांत जास्त ओळखी त्याच्याच. भटकणारी हाक फिरून फिरून तिथंच जाणार. चूक माझी होती. कडेच्या फोनांना कुणी विचारतच नव्हतं, आणि आम्ही जाळं छान चालतंय म्हणून फुशारक्या मारत होतो.

पण उत्तर कोण देत होतं? मी तळावर गेले. फोन बिरप्पाच्या बायकोकडे, केराबाईकडे होता. सौर दिव्यावर चार्ज केलेला, चकचकीत पुसलेला.

"त्येंला हाक येती की," ती म्हणाली. "ते न्हाईत म्हणायला बटण न्हाय. मग मी हाय म्हणते."

मी चहा पिऊन परत आले आणि दुरुस्ती केली. ज्याच्या ओळखी जास्त, त्याच्याकडे हाकेनं कमी वेळा वळायचं, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. पहिल्याच आठवड्यात चार फोनांकडून उत्तर आलं नाही. रोग आला असता तर तिथल्या मेंढ्या लसीवाचून मेल्या असत्या. दुरुस्ती बरोबर होती, याचाच मला राग आला.

आठव्या दिवशी मोहोळच्या बाजारातून, कुणाच्या तरी फोनवरून केराबाई बोलली.

"शिवानीताई, सात दिस हाक न्हाय. ते गेल्यालं आता जाळ्याला बी कळलं व्हय?"

ती उत्तराची वाट बघत होती, आणि जाळ्याला ते कळवणारी मीच होते.